पांढऱ्या भिंतीपुढे नको

४ नोव्हेंबर

मायन्याची जागा रिकामी सोडली आहे. तुम्हाला काय म्हणावं हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले. ताई म्हणावं तर आपलं तसं काही नाही. नुसतं नाव घ्यायला मी तुमची मैत्रीण नाही. सवत म्हणावं, तर तुम्ही रीतसर घटस्फोट घेऊन गेलात, आणि त्यानंतरच्या नात्याला आपल्या भाषेत कुणी शब्दच केलेला नाही. तेव्हा थेट कामाचं बोलते.

तुमची मुलगी शाळेच्या कार्यक्रमात नाचणार आहे. वर्गातल्या बाकीच्या मुली आहेतच, पण मधला एक तुकडा तिचा एकटीचा आहे. नाचाच्या बाईंच्या डोक्यात यंदा एक खूळ शिरलंय. रंगमंचाच्या तोंडाशी वरपासून खालपर्यंत जाळीचा पडदा सोडायचा, त्यावर समोरून व्हिडिओ टाकायचा आणि मुलींनी जाळीच्या मागे नाचायचं. त्या कापडाला बाई गॉझ म्हणतात. आम्ही घरी मच्छरदाणी म्हणतो. चित्र जिथं उजळ असतं तिथं ती जाळी भिंतीसारखी दिसते, मागचं काही दिसत नाही. चित्र जिथं काळं असतं तिथं जाळी नसल्यासारखीच. मागचं माणूस लख्ख दिसतं. म्हणजे काळोखावर नाचणारी एक भलीमोठी बाई दाखवली, तर तिच्या शेजारी ही एवढीशी पोर नाचताना दिसेल.

ती भलीमोठी बाई तुम्ही व्हावं अशी तिची इच्छा आहे. शाळेत तिनं परस्पर सांगूनही टाकलं, "माझी आई नाचते, तिचा व्हिडिओ मागवू या." मग घरी आली. मी भांडी घासत होते. दप्तर न काढताच दारात उभी राहून म्हणाली, "ऐकतेस का, तू मागवशील?" तुम्हाला ठाऊक नसेल, ती मला कशानंच हाक मारत नाही. मावशी नाही, काकू नाही. ऐकतेस का, एवढंच. जुन्या बायका नवऱ्याला हाक मारायच्या तशी. मी म्हटलं, "बाबांना सांग की." तर म्हणाली, "आईला फोन करा म्हटलं की बाबा आंघोळीला जातात." हे खरं आहे. परवा तर दिवसातून दोनदा गेले.

फोन तुम्ही माझा उचलत नाही, आणि न उचललेला फोन मी पुन्हा करत नाही. म्हणून हे पत्र.

आता व्हिडिओ कसा हवा ते लिहिते, कारण मी पोटासाठी हेच करते. माझा फोटोचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, लोकांच्या तान्ह्या बाळांना खुळखुळा वाजवून हसवणं. मागे काळा पडदा लावा. काळा नसेल तर अंधारी खोली चालेल. अंगावर फिक्या रंगाचा पोशाख घाला. फोन आडवा धरा, एका जागी ठेवा आणि डोक्यापासून पावलांपर्यंत सगळ्या दिसाल एवढं मागे या. गाणं सोबत पाठवते आहे.

एक आणखी. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मुलगी कायमची तुमच्याकडे राहावी असं तुम्ही तिच्या बाबांना कळवलंय. ते म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. ती म्हणते, "कार्यक्रम झाला की सांगते." तेव्हापासून घरात सगळे तिच्या तोंडाकडे बघत जेवतात. मी मध्ये पडणार नाही. पण मला काही वाटत नाही असं समजू नका. पहिलीत होती तेव्हा हातात आली, आता सहावीत आहे.


२६ नोव्हेंबर

व्हिडिओ पोचला. छान नाचलात. खोटं कशाला बोलू, बघताना चहा गार झाला.

पण बाईसाहेब, मी लिहिलं काय आणि तुम्ही केलं काय! काळा पडदा सांगितला, तर तुम्ही पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे उभ्या, वर बाजूच्या खिडकीतून ऊन. फिका पोशाख सांगितला, तर गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या. तुम्हाला काळं खुलून दिसतं हे मान्य. माझं पत्र वाचलंत की नुसतं गाणं ऐकलंत?

तरी म्हटलं, जाळीवर टाकून बघू. सभागृह दुपारचं रिकामं होतं. पी.टी.चे सर दिवे सांभाळतात, त्यांनी मागचा दिवा लावला, पोरगी जाळीमागे उभी राहिली, आणि मी व्हिडिओ सुरू केला. पहिल्यांदा तर एकाच्या दोन तुम्ही झालात. जाळीतून गळलेला उजेड मागच्या पडद्यावर पडला आणि तिथं तुमचं दुसरं भूत नाचायला लागलं. माझ्या डोक्याला एक पुरेशी होती. शेवटी प्रोजेक्टर गॅलरीच्या कठड्याला बांधला, तोंड तिरकं खाली केलं, मग ते भूत जमिनीवर सांडलं आणि दिसेनासं झालं.

आणि मग जे दिसलं ते सांगते. तुमची पांढरी भिंत जाळीभर पेटली. पोरगी गायब. तुम्ही काळ्या कपड्यांत, म्हणजे जाळीवर तुमच्या आकाराचं एक भोक. त्या भोकातून तेवढी पोरगी दिसायची. तुम्ही डावीकडे गेलात की ती डावीकडे धावायची. तुमच्या आकारात असेतो दिसायची, बाहेर पाऊल पडलं की नाहीशी. नाचाच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. "किती अर्थपूर्ण! मुद्दाम केलंत?"

मी फोनवर ते टिपलं होतं. पोरीनं खाली येऊन पाहिलं. पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग म्हणाली, "मी आईच्या बाहेर आले की दिसतच नाही."

बाईंना मी तिथल्या तिथे सांगितलं, हे असं जाणार नाही. त्या म्हणाल्या, पण केवढी कल्पना आहे! मी म्हटलं, कल्पना तुमच्या घरी न्या, पोरगी दिसली पाहिजे. जरा जोरातच बोलले. पी.टी.चे सर उगाच दिवे पुसायला लागले.

तेव्हा विनंती अशी की पुन्हा एकदा नाचा. काळा पडदा, फिका पोशाख. एवढंच.


१७ डिसेंबर

"वेळ नाही, जमवून घ्या." एवढं मोठं उत्तर लिहायला तुम्हाला श्रम पडले असतील. वर्ग सुरू आहेत, विद्यार्थी आहेत, सगळं समजलं. जमवून घेते आहे.

जमवणं म्हणजे काय ते तरी ऐका. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक फोटो. त्यातल्या प्रत्येक फोटोत तुमच्या कडेनं रेघ ओढायची, भिंत काढून टाकायची, तिथं काळं भरायचं. मग तुमच्या काळ्या कपड्यांत उजळ रंग भरायचा, नाहीतर नुसतं मुंडकं आणि पंजे हवेत नाचतील. रंग कुठला हे पोरीनं ठरवलं. लिंबाच्या सालीचा पिवळा. दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी तुम्हाला कापत बसते. शेजारचा शिंपी डोकावून म्हणाला, "कोण हो ही?" मी म्हटलं, "घरचीच आहे." दुसरं काय सांगणार?

या कामात एक त्रास आहे, जो कुणी सांगितला नव्हता. माणसाच्या कडेकडेनं इतके दिवस फिरलं की ते माणूस पाठ होतं. तुमची करंगळी बाकीच्या बोटांच्या जरा आधी उघडते. पोरीचीही उघडते, मला आजवर वाटायचं ती तिची खोड आहे. गिरकी घ्यायच्या आधी तुम्ही हनुवटी खाली घेता. तीही घेते, जिना उतरतानासुद्धा. मी समजत होते की या पोरीला मी ओळखते. ओळखते ते निम्मं तुमचंच निघालं. त्या दिवशी स्टुडिओ लवकर बंद केला आणि घरी न जाता उगाच बाजारातून दोन चकरा मारल्या. काही घ्यायचं नव्हतं.

मनात काय काय येतं तेही लिहून टाकते, म्हणजे डोकं रिकामं होईल. एकदा वाटलं, तुमची उंची थोडी कमी करावी. केली. पोरगी शाळेतून येऊन पडद्याकडे बघते तोच म्हणाली, "आई एवढी बुटकी नाहीये." मुकाट्यानं पूर्ववत केली. एकदा वाटलं, कडा जरा फाटक्या ठेवाव्यात. कुणाला कळणार आहे? मग स्वतःचीच चीड आली. वाईट काम माझ्या हातून होत नाही, तो माझा स्वभाव नाही आणि त्यात तुमच्यावर उपकारही नाहीत. पण हे लक्षात असू द्या की तिला जी आई शाळेत सगळ्यांना दाखवायची आहे, ती मी माझ्या हातानं उजळते आहे. तुम्हाला जितकी देखणी करीन तितकी ती माझ्यापासून लांब जाणार, हे मला कळतं. मी काही दुधखुळी नाही.

आता नवी अडचण. जाळीच्या मागून तिला तुम्ही दिसत नाही. म्हणजे दिसता, पण पुसट आणि उलट्या, डाव्याचं उजवं झालेलं. तुमच्या हाताबरोबर हात उचलायचा तर तिला कळायला हवं तुमचा हात कधी उठतो. काल तालमीत तिचं सगळं पुढेमागे झालं. ती जाळीला नाक लावून बघत उभी राहिली आणि तुम्ही आपल्या नाचत सुटलात. बाई म्हणाल्या, विंगेत कुणीतरी उभं राहून तिला हात दाखवायला हवेत. त्या स्वतः दुसऱ्या बाजूला बाकीच्या मुलींना धरून असतील. बघतील कुणालातरी.


२ जानेवारी

तुम्ही येणार हे कळलं. तिच्या बाबांनी सांगितलं आणि लगेच आंघोळीला गेले.

तीन गोष्टी पाळा. वेळेवर या. मधोमध बसा, जाळीचं चित्र कडेनं बघणाऱ्याला नीट दिसत नाही. आणि नाच व्हायच्या आधी तिला भेटायला मागे येऊ नका. ती रडली की तिला दिवसभर उचकी लागते. नंतर हवं तेवढं भेटा.

विंगेत हात दाखवायची सोय झाली आहे, त्याची चिंता नको.

ती काय ठरवणार हे मला माहीत नाही. विचारायला जीभ रेटत नाही. सध्या तिचा मोजा जरी सापडेना झाला तरी मला वाटतं, तिनं बॅग भरायला घेतली.


१३ जानेवारी

काल कार्यक्रमानंतर सभागृहाबाहेरच्या बोळात सगळ्यांच्या देखत, पोरीच्या देखत, तुम्ही मला म्हणालात, "मुद्दाम बंद केलंत ना मला?" आणि उत्तर ऐकायला थांबलाही नाहीत. तोंड फिरवून चालत्या झालात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर मनात तुझ्याशी भांडले. होय, तुझ्याशी, मनातल्या भांडणात मी कुणाला अहो-जाहो करत नाही. आता कागदावर माणसात येते.

काय झालं ते ऐका. लॅपटॉप माझ्याजवळ विंगेत होता आणि तिथून लांब वायर गॅलरीतल्या प्रोजेक्टरपर्यंत गेली होती. तुमच्या नाचाचा शेवटचा भाग आला, तो गिरक्यांचा, तेव्हा पुढच्या नाचाच्या मुली माझ्या पाठीमागून धावत आल्या आणि कुणाच्या तरी पायात वायर अडकून निघाली. जाळीवरून तुम्ही गेलात. एरवी अशा वेळी प्रोजेक्टर भला मोठा निळा चौकोन दाखवतो. तो मी आधीच काळा करून ठेवला होता, कारण धंद्यात असले निळे चौकोन पाहून मी शहाणी झाले आहे. जाळीवर काळं म्हणजे जाळी नाही. त्यामुळे सभागृहाला वाटलं, मोठी बाई विरून गेली आणि धाकटी एकटी उरली, अशीच रचना आहे. केवढ्या टाळ्या पडल्या! नाचाच्या बाई तर मला मिठीच मारायला आल्या, काय कल्पना म्हणून. तुमचा नाच अजून संपलेला नाही हे त्या सभागृहात फक्त तिघींना माहीत होतं, तुम्हाला, मला आणि तिला.

वायर मी काढली नाही. हे कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन.

आता दुसरं ऐका. ती वायर परत खुपसता आली असती. माझ्यापासून फार लांब पडली नव्हती. चार पावलं टाकली असती, वाकले असते, तर गिरक्यांच्या मध्यावर तुम्ही पुन्हा उगवला असतात. मी गेले नाही. कारण विंगेत तिला हात दाखवायला जे कोणी उभं होतं, ती मी होते.

हसू नका. मी कधी नाचलेले नाही. जन्म कॅमेऱ्याच्या मागे गेला. पण तुमचा तो नाच सगळ्या शाळेत फक्त मला पाठ होता, रेघ न् रेघ. बाई म्हणाल्या, "तुम्हीच उभ्या राहा की!" मी नाही नाही म्हणत होते तर पोरगी म्हणाली, "हिलाच येतं." मग तीन आठवडे आम्ही दोघी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून तालीम करत होतो. मी खुर्च्या बाजूला सरकवून तुमच्यासारखे हात करायची आणि ती माझ्याकडे बघत नाचायची. माझी गिरकी पाहून ती जमिनीवर लोळून हसली आहे. मग उठून मला सांगायची, "ऐकतेस का, करंगळी आधी." मला सांगत होती, करंगळी आधी! मी ती करंगळी किती दिवस कापत होते, हिला काय ठाऊक.

तर काल तुम्ही जाळीवरून गेलात तेव्हा तिला मागे अंधारात कळलंच नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी वायरीकडे गेले असते तर तिच्यासमोर दोन्हीकडून अंधार झाला असता. मनात हिशेब करायला वेळ नव्हता, तरी एक विचार आलाच की तुम्ही काय समजाल. आला आणि गेला. मी हात चालू ठेवले. वायर आपोआप निघाली, पण ती निघालेली राहू दिली ते मुद्दाम. त्याबद्दल मला काल वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तुम्ही वेळेवर आला असतात आणि मधोमध बसला असतात तर एक वेळ मी म्हटलं असतं, बरोबर, तुमचा मान राहिला नाही. तुम्ही आलात उशिरा. तिचे बाबा सांगत होते, तुम्हाला अगदी कडेची, रंगमंचाला लागून असलेली खुर्ची मिळाली. तिथून जाळी धड दिसलीही नसेल.

हे पत्र इथं संपवणार होते. पण आज नाश्त्याला ती म्हणाली, "मी आईकडे जाते राहायला."

तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "बरं." मग राहवेना. "का गं?" विचारलं. मध्ये पडणार नाही म्हणाले होते, पडले. तर म्हणाली, "आईला वाटलं, मला तिच्याशिवाय जमतं."

"मग जमतं की नाही?"

"जमलं ना. पण तिला किती वाईट वाटलं, तू बघितलंस ना?"

दूध उतू जात होतं, ते बघायला उठले. गॅस तर बंदच होता.


२१ जानेवारी

तुमचा निरोप तिच्या बाबांच्या फोनवर आला. त्यांनी तो मला वाचून दाखवायच्या ऐवजी फोनच हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आंघोळीला गेले नाहीत, ही प्रगती आहे.

"कडेच्या खुर्चीवरून जाळी दिसत नव्हती. विंग दिसत होती. शेवटच्या गिरकीत तुमचा उजवा हात खांद्याच्या खाली येतो. तिचाही तिथंच खाली आला."

हे मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. आधी चिडले. म्हटलं, बघा, माफी मागायची सोडून चुका काढतेय. मग कांदा चिरताना लक्षात आलं की तुम्ही सगळा वेळ मलाच बघत होतात. स्वतःला बघायला आलात आणि मला बघून गेलात. बोळात तुम्ही जे बोललात ते कुठून आलं, ते मग थोडं समजलं. सगळं नाही समजलं. सगळं समजून घेण्याइतकी मी भली नाही.

हात खाली येतो हे खरं आहे. खांदा धरतो माझा, कॅमेरा उचलून उचलून.


५ एप्रिल

हे पत्र तिच्या बॅगेत वरच ठेवलं आहे, म्हणजे तुम्हाला पहिल्यांदा मिळेल.

परीक्षा संपली. पुस्तकं शिंप्याच्या मुलीला दिली. कपडे थोडेच दिले आहेत, कारण ती वाढते आहे आणि तुम्हाला घ्यायला आवडतील. तिला झोपताना दार पूर्ण लावलेलं चालत नाही, फट लागते. उचकी लागली तर पाणी देऊ नका, तिला काहीतरी अवघड विचारा. उत्तर शोधता शोधता जाते. राग आला की बोलत नाही आणि वस्तू नीट लावत सुटते. कपाट एकदम आवरलेलं दिसलं तर समजा, काहीतरी बिनसलं आहे.

मी ठीक आहे. म्हणजे, एका जागी बसवत नाही एवढंच. काल गिऱ्हाइकाचा पासपोर्टचा फोटो काढला आणि त्याला दोनदा सांगितलं, हसा. पासपोर्टला कुणी हसतं का? तो बिचारा हसलाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

परवा दुपारी ती स्टुडिओत आली. म्हणाली, "ऐकतेस का, मला तुझा व्हिडिओ पाहिजे. न्यायला." मी म्हटलं, माझा कसला व्हिडिओ? एवढी वर्षं लोकांचे काढले, माझा कुणी काढला नाही, आणि मला हौसही नाही. ती काही ऐकेना. कॅमेरा तिनं स्वतः तिवईवर चढवला, आडवा, एका जागी. मी आपली सवयीनं जाऊन उभी राहिले ते पासपोर्टच्या जागेवर, पांढऱ्या भिंतीपुढे.

"तिथं नको," ती म्हणाली. "पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिलीस तर तुझ्या शेजारी मी दिसणार नाही."

माळ्यावरचा काळा पडदा तिनं मला काढायला लावला. मी माझा त्यातल्या त्यात फिका कुर्ता घातला. उभी राहिले. मला डोळ्यांसमोर धड काही दिसत नव्हतं, दिव्यांमुळे म्हणा. विचारलं, "काय करू?"

"नाचू नको. नुसते हात दाखव."

मग मी हात दाखवले. तुमचेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून ओठांनी मोजत होती आणि करंगळीच्या जागी करंगळी उचलून दाखवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे होते आणि मागे दुसरं कुणी होतं.

तो व्हिडिओ तिच्या फोनमध्ये आहे. तुम्हाला दाखवेल की नाही, तिची मर्जी. तुम्ही मागू नका. पण तुमच्या घरात ती नाचायला लागली, की शेवटच्या गिरकीत तिचा उजवा हात खांद्याच्या खाली येईल. तुम्हाला तो खटकेल. तुम्ही शिकवणाऱ्या, तुमचा हात आपोआप तिचा हात वर उचलायला पुढे होईल. बाकी तिचं सगळं सुधारा. पाऊल सुधारा, मान सुधारा, अक्षर तर सुधाराच.

तो एक हात तेवढा राहू द्या.